आगोटची बेगमी आणि कारखान्याचा संगणक



मे महिना अर्धा सरला की आपल्या कर्जत-खालापूर भागात घरोघरी आगोटची लगबग सुरू होते. चौक, खोपोली, नेरळच्या बाजारात सुके बोंबील, सुकट, जवळा, वाकट्या यांचे ढीग लागतात. कांद्याच्या माळा आढ्याला टांगल्या जातात, मसाला कुटून बरण्यांत भरला जातो, वाल निवडून ठेवले जातात, सरपण पडवीत रचले जाते. घरात खाणारी तोंडे किती, पावसाचे दिवस किती, लावणीला माणसे बोलावली तर त्यांची न्याहारी किती, मागच्या वर्षाचे काय शिल्लक आहे आणि अवचित पाहुणा आला तर काय, हा सारा हिशेब घरची कारभारीण तोंडी करते. कागद नाही, पेन्सिल नाही. आणि तो सहसा चुकत नाही.

हे मुद्दाम सांगितले, कारण आजचा विषय वरवर पाहता शेतीचा नाही. इलेक्ट्रॉनिक वस्तू तयार करणाऱ्या कारखान्यात माल किती काढायचा, त्यासाठी सुटे भाग किती आणि केव्हा मागवायचे, हे संगणकाच्या मदतीने कसे ठरवतात, हा तो विषय. शेतकी खात्याच्या माणसाला ही उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. पण आपल्या दोन्ही तालुक्यांतल्या गावागावांतून रोज पहाटे मुले-मुली डबा घेऊन बाहेर पडतात. कोणी कंपनीच्या बसने रसायनी-पाताळगंगेकडे, कोणी लोकलने बदलापूर-अंबरनाथकडे, कोणी घाट चढून तळेगाव-चाकणला. कणगीत घरचे भात असते, पण शाळेची फी, दवाखाना आणि बँकेचा हप्ता हे सारे त्यांच्या पगारावर चालते. हा पगार कधी दुप्पट वाटावा इतका फुगतो आणि कधी एकाएकी थांबतो.

गेल्या हिवाळ्यात खालापूर तालुक्यातल्या एका गावी वालाचे पीक पाहायला गेलो होतो. बांधावर एका काकींनी मला अडवले. त्यांचा मुलगा एका इलेक्ट्रॉनिक कारखान्यात कंत्राटावर होता. गणपतीपासून दिवाळीपर्यंत रोज चार तास ओव्हरटाइम, रविवारीसुद्धा कामावर. त्या पैशांच्या भरवशावर मोटारसायकल घेतली. जानेवारीत "आठ दिवसांचा ब्रेक" म्हणून घरी पाठवले, ते आठ दिवस काही संपेनात. काकी म्हणाल्या, "साहेब, कंपनी तर जोरात चालली होती. माझ्या पोराने काही वाईट केलं का?"

नाही. मुलाने काही वाईट केलेले नव्हते. मग काय झाले, ते समजावून सांगायला बांधावरचा वेळ पुरला नाही, म्हणून हा लेख.

प्रथम आपलेच उदाहरण घेऊ. एक हेक्टर भाताची लावणी करायची, तर साधारण दहा गुंठ्यांची रोपवाटिका लागते आणि बारीक दाण्याच्या वाणाला बियाणे चाळीस किलोच्या आसपास. रोप एकवीस ते पंचवीस दिवसांचे झाले की लावायचे. म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यात लावणी हवी असेल, तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पेरणी, त्याआधी राबाची जमीन तयार आणि त्याही आधी बियाणे घरात. आपण शेवटच्या तारखेपासून मागे मागे येत हिशेब करतो. कारखान्यातला संगणकही हेच करतो. शेवटून सुरुवात करतो आणि मागे येतो.

आता एक वस्तू डोळ्यांपुढे आणा. आपल्या विहिरीवरच्या पंपाला लावतात तो मोबाइल स्टार्टर. घरी बसून फोन केला की पंप चालू होतो, ती पेटी. तिच्यात एक हिरवी पट्टी असते, तिला पीसीबी म्हणतात. त्यावर एक-दोन चिप, मोबाइलचे सिमकार्ड घेणारा भाग, रिले, कपॅसिटर, रेझिस्टर असे लहान-मोठे शंभर-दीडशे भाग झाळलेले असतात. शिवाय पेटी, स्क्रू, वायर, माहितीपत्रक आणि पुठ्ठ्याचा खोका. या साऱ्याची जी यादी असते, तिला कारखान्यात बीओएम किंवा "बिल ऑफ मटेरियल" म्हणतात. आपल्याकडे लग्नाच्या जेवणाची यादी आचारी देतो ना, शंभर पानांना तांदूळ इतका, गूळ इतका, अगदी तशीच.

समजा, कारखान्याला १ ऑक्टोबरला १,००० स्टार्टर पाठवायचे आहेत. तयार माल १५० पडून आहे. म्हणजे करायचे ८५०. प्रत्येकी तीन रिले धरले तर २,५५० रिले हवेत. भांडारात ६०० आहेत आणि पूर्वी मागवलेले १,००० वाटेवर आहेत. राहिले ९५०. पण विकणारा ५०० च्या खोक्यानेच देतो, म्हणून मागवायचे १,०००. जोडणी आणि तपासणीला पंधरा दिवस धरले तर रिले १५ सप्टेंबरला हातात हवेत. मागवल्यापासून यायला सहा आठवडे लागतात. म्हणजे ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात ऑर्डर गेली पाहिजे. हे झाले एका भागाचे. असा हिशेब दीडशे भागांचा, आणि कारखान्यात अशा वस्तू पन्नास प्रकारच्या. त्यात गिऱ्हाइकाने मधेच सांगितले की १,००० नको, १,४०० द्या, तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. माणसाच्या हाताने हे होणे नाही. संगणक काही मिनिटांत करतो.

या पद्धतीला एमआरपी म्हणतात. पाकिटावर छापलेल्या किमतीची एमआरपी ती वेगळी, तिच्याशी घोळ करू नये. आपल्याला गंमत वाटेल, पण ही पद्धत बसवणाऱ्यांत ज्याचे नाव पुढे येते तो जोसेफ ऑर्लिकी हा मूळचा चेक गृहस्थ अमेरिकेत जे. आय. केस या ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रे करणाऱ्या कंपनीत होता. साठीच्या दशकात तिथे संगणकावर हा हिशेब त्याने उभा केला, पुढे तो आयबीएममध्ये गेला आणि १९७५ साली त्याने यावर पुस्तक लिहिले. जर्मनीत १९७२ साली आयबीएम सोडून आलेल्या पाच जणांनी सॅप ही कंपनी काढली. आज मोठमोठ्या कारखान्यांत तिचेच सॉफ्टवेअर चालते. मुलगा घरी आल्यावर "सॅपमध्ये एंट्री करायची होती" असे बोलतो ते हेच. लहान कारखान्यांत टॅली किंवा नुसत्या एक्सेलच्या तक्त्यावरही काम भागवतात.

इथवर सरळ आहे. खरी अडचण पुढे आहे.

पुठ्ठ्याचा खोका चार दिवसांत मिळतो. पीसीबीला महिना लागतो. पण चिप दूर तैवान, कोरिया, जपान, चीन अशा देशांतून येते आणि तिला वीस आठवडे लागू शकतात. २०२१ मध्ये काही चिपांना सहा महिने आणि त्याहून जास्त लागत होते. आता मागे मोजा. १५ सप्टेंबरच्या मागे वीस आठवडे म्हणजे एप्रिलची अखेर. ऑक्टोबरात रब्बीसाठी स्टार्टर किती खपतील, हे विहिरीला पाणी किती यावर अवलंबून आणि पाणी पावसावर. हवामान खात्याचा पहिला अंदाज एप्रिलच्या मध्याला येतो, सुधारलेला मेअखेर. म्हणजे पाऊस पडायच्या आधी, किंबहुना ढग दिसायच्याही आधी, त्या कारखानदाराला चिपची ऑर्डर द्यावी लागते. तो अंदाज बांधतो. मागच्या चार-पाच वर्षांची विक्री, सणवार, सरकारी योजना, दुकानदारांचे बोलणे, हे सारे संगणकात घालून आकडा काढतो. तरी तो अंदाजच. आपण धूळपेरणी करतो तेव्हाची आपली जी अवस्था, तीच त्याची.

आकडा चुकला तर दोन प्रकारे फटका बसतो. माल कमी पडला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. जास्त झाला तर पैसा भांडारात कुजतो. इलेक्ट्रॉनिक वस्तूचे आयुष्य थोडे. नवे मॉडेल आले की जुने भाग भंगारात. आपला तांदूळ जुना झाला तर किंमत वाढते, यांची उतरते.

शिवाय दीडशेपैकी एकशे एकोणपन्नास भाग आले आणि दोन रुपयांचा एकच आला नाही, तर पेटी तयार होत नाही. भाजीत मीठ नसले तर अळणी का होईना, खाता येते. इथे तसे नाही. १७ मार्च २००० रोजी अमेरिकेत अल्बुकर्क गावी फिलिप्स कंपनीच्या चिप कारखान्यावर वीज पडली. आग दहाएक मिनिटांत विझली, पण धुराने आणि पाण्याने चिप तयार करण्याच्या अतिस्वच्छ खोल्या खराब झाल्या. नोकिया आणि एरिक्सन या दोन्ही मोबाइल कंपन्यांचा माल तिथून येत असे. आवकीत खोट आहे हे नोकियाच्या माणसांनी लगेच हेरले, त्या भागांवर रोज नजर ठेवली आणि दुसऱ्या ठिकाणांहून चिप मिळवल्या. एरिक्सन स्वस्थ राहिली. तिचा सुमारे चाळीस कोटी डॉलरांचा धंदा बुडाला आणि पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, तिला मोबाइलचा व्यवसाय सोनीबरोबर भागीदारीत न्यावा लागला. दहा मिनिटांच्या आगीची ही कथा. दोघांकडेही संगणक होते. फरक तो पाहणाऱ्या माणसांत होता, असे माझे मत आहे.

आपल्या राज्यातलेही उदाहरण आहे. २०२० च्या टाळेबंदीत गाड्या खपणार नाहीत म्हणून जगभरच्या मोटार कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या. त्याच वेळी घरात अडकलेल्या लोकांनी लॅपटॉप आणि मोबाइल धडाक्याने घेतले, चिपवाल्यांनी आपली यंत्रे तिकडे वळवली. गाड्यांची मागणी परत आली तेव्हा चिप मिळेनात. सप्टेंबर २०२१ मध्ये महिंद्र कंपनीला आपल्या मोटार कारखान्यांत त्या महिन्यात सुमारे सात दिवस उत्पादन बंद ठेवण्याचे जाहीर करावे लागले. ट्रॅक्टरच्या कामाला मात्र त्याची झळ नव्हती. टोयोटा कंपनी त्या टंचाईत सुरुवातीला पुष्कळ काळ टिकली. कारण २०११ च्या जपानमधल्या भूकंपानंतर तिने पुरवठादारांकडे दोन ते सहा महिन्यांच्या चिपची शिल्लक ठेवण्याची व्यवस्था केली होती. जी कंपनी "माल लागेल तेव्हाच मागवा" यासाठी जगभर नावाजलेली, तिनेही शेवटी आगोटची बेगमी केलीच!

आता काकींच्या प्रश्नाकडे येऊ. दिवाळीआधी जोर आणि जानेवारीत ब्रेक, असे का?

खताचे पाहा. युरियाची टंचाई येणार अशी आवई उठली की काय होते? ज्याला चार पोती लागतात तो तीन दुकानांत चार-चार पोती सांगून ठेवतो. तिन्ही दुकानदार आपल्या वहीत चार लिहितात, वर आपली म्हणून थोडी भर घालतात. घाऊक व्यापारी आणखी भर घालतो. कंपनीच्या कचेरीत आकडा पोचतो तेव्हा मागणी तिप्पट दिसते, खरी भूक मात्र चार पोत्यांचीच. खत आले की दोन दुकानांतला माल कोणी उचलत नाही आणि पुढचे दोन महिने ऑर्डर नाही. जे. फॉरेस्टर या अमेरिकन प्राध्यापकाने १९५८ मध्येच हे आकड्यांनी दाखवून दिले होते. गिऱ्हाइकाकडची लहानशी लाट कारखान्यापर्यंत पोचताना मोठी होत जाते. आसुडाची मूठ जराशी हलवली तरी टोक केवढे फिरते, तसे.

याचा मोठा दाखला सिस्को या अमेरिकन कंपनीचा. इंटरनेटची यंत्रसामग्री ती करते. १९९९-२००० मध्ये तिचा माल मिळेना, म्हणून गिऱ्हाइकांनी दोन-दोन ठिकाणी ऑर्डरी दिल्या. सिस्कोच्या संगणकाने त्या साऱ्या खऱ्या धरल्या. २००१ मध्ये मंदी आली, ऑर्डरी विरल्या आणि सव्वादोन अब्ज डॉलरांचा माल कंपनीला हिशेबातून वजा टाकावा लागला. संगणकाने गणित बरोबर केले होते. त्याला दिलेले आकडे फुगलेले होते.

काकींच्या मुलाच्या कारखान्यात तंतोतंत काय घडले ते मी पाहिलेले नाही. पण सणाच्या विक्रीसाठी माल वाढवायचा, दुकाने भरायची आणि सण सरला की दुकानांतला माल खपेपर्यंत हात आखडायचा, हा या धंद्याचा नेम आहे. कायम कामगार कमी ठेवून कंत्राटी माणसे घ्यायची, ती यासाठीच. कारखान्यात पडून राहणारा माल कमी केला, पण चढ-उताराचे ओझे हलले नाही. ते आपल्या मुलांच्या खांद्यावर आले. ही गोष्ट मला बरी वाटत नाही. पण ती आहे, आणि घरच्या हिशेबात ती धरलीच पाहिजे.

म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी. हप्ता ठरवताना मूळ पगार धरावा, ओव्हरटाइम नव्हे. जादा तासाला दुप्पट दर मिळणे हा कारखान्यातल्या कामगाराचा कायदेशीर हक्क आहे. पगाराची चिठ्ठी दर महिन्याला घ्यावी आणि तीत तो दिसतो का ते पाहावे. भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक कंत्राटदार बदलला तरी एकच राहतो. तो घरातल्या वहीत लिहून ठेवावा. आणि लावणीच्या रजेबद्दल एक सांगतो. पुढच्या तीन-चार आठवड्यांचा आराखडा कारखान्यात बहुधा पक्का झालेला असतो. "उद्या लावणी आहे, येत नाही" असे सांगितले की सुपरवायझर खवळतो ते यामुळे. राब टाकला त्याच दिवशी लावणीची तारीख आपल्याला अंदाजाने कळते. त्याच दिवशी रजेचा अर्ज द्यावा. महिनाभर आधी कळले तर आराखड्यात तितकी माणसे कमी धरता येतात.

ज्यांची मुले भांडारात, म्हणजे स्टोअरमध्ये लागली आहेत, त्यांनी ते काम हलके समजू नये. वर सांगितलेल्या हिशेबात "भांडारात ६०० रिले आहेत" असे मी लिहिले. प्रत्यक्षात ४०० असतील तर? संगणक १,००० च मागवील आणि सप्टेंबरात १५० कमी पडून शेवटच्या पन्नास पेट्या अडतील. कोणी घाईत खोका उचलला आणि नोंद केली नाही, एवढेच कारण पुरते. म्हणून चांगल्या कारखान्यात रोज थोडे थोडे भाग मोजून वहीशी ताडून पाहतात.

आपल्या कोकणच्या हवेत आणखी एक सांभाळावे लागते. बियाणे आपण बारा-तेरा टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून ठेवतो, नाहीतर उगवण जाते. पुष्कळ चिपनाही दमटपणा सोसत नाही. त्या बंद पिशवीत, ओल शोषणाऱ्या पुडीसह येतात, आत ओल दाखवणारे कार्ड असते. एका सर्रास वापरातल्या प्रकाराची पिशवी फोडली की १६८ तासांच्या, म्हणजे सात दिवसांच्या आत ती चिप झाळली पाहिजे. मुदत टळली तर भट्टीत मंद आचेवर शेकून पुन्हा वाळवावी लागते. तसे न केल्यास झाळताना आतल्या ओलीची वाफ होऊन चिप तडकते. जुलै महिन्यात खोपोलीच्या हवेत हे सांभाळणे म्हणजे खरी परीक्षा. जिने कणगीतले बी सांभाळले आहे त्या घरच्या मुलीला हे समजायला वेळ लागू नये.

हिशेबाची ही रीत घरीही वापरता येते. बचत गटाने दिवाळीसाठी २०० पाकिटे चकलीची भाजणी द्यायचे कबूल केले असेल, तर एका पाकिटाची यादी करावी, दोनशेने गुणावे, घरात आहे ते वजा करावे आणि प्रत्येक जिन्नस यायला, वाळायला, दळायला लागणारे दिवस मागे मोजावेत. पाकिटावरची छापील चिठ्ठी विसरू नये. बहुधा तीच उशिरा येते.

२०२२ साली पुणे जिल्ह्यात रांजणगावला केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक कारखान्यांच्या समूहाला मंजुरी दिली. तेव्हा या धंद्यात माणसे लागत राहणार. ज्या घरात मूल दहावीला आहे, त्यांनी आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पाहावा. संगणकाची आवड असेल तर एक वर्षाचा कोपा आहे. निकालानंतर ऑनलाइन अर्ज निघतात. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला तहसील कचेरीतून काढायला दिवस लागतात, आणि जूनमध्ये तिथे गर्दी असते. तेव्हा निकालाची वाट न पाहता एप्रिलमध्येच अर्ज टाकावा.